मुलीचं इन्सुलिन शाळेच्या कपाटात कुलूपबंद: तुमच्या शाळेत काय पद्धत आहे?

रानजाई

नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे, तिला टाइप वन डायबेटिस आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. पुण्यातल्या एका खाजगी शाळेत जाते. जूनमध्ये शाळेने नवा नियम काढला: कुठल्याही मुलाच्या दप्तरात औषध किंवा सुई असता कामा नये. त्यामुळे तिचा सगळा पाऊच, म्हणजे ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं यंत्र), त्याच्या स्ट्रिप्स, बोटाला टोचायचं पेन, इन्सुलिनचं पेन, सुया आणि ग्लुकोजची पावडर, आता तळमजल्यावरच्या कार्यालयात कपाटात असतो. तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. किल्ली क्लार्क मॅडमकडे, आणि मधल्या सुट्टीत त्याही डबा खायला गेलेल्या असतात.

शुगर लो झाली, म्हणजे रक्तातली साखर फार उतरली, की हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या अवस्थेत पोरीने तीन जिने उतरायचे, किल्ली कुणाकडे आहे ते विचारत फिरायचं आणि मग साखर तोंडात टाकायची, हे मला अजिबात मान्य नाही.

मुख्याध्यापिका बाईंना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की एक तर सुई दुसऱ्या मुलाला लागली तर काय, आणि दुसरं, बाकीची मुलं बघून घाबरतात, पालकांचे फोन येतात. पहिल्या शंकेवर बसून बोलता येईल. दुसरी मात्र लेकीने दाराबाहेर उभं राहून ऐकली. तेव्हापासून ती कार्यालयातून पेन घेते आणि मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिन घेते. आतली कडी तुटलेली आहे. एका हाताने दार धरायचं, पेन दातांत धरून युनिफॉर्म वर करायचा आणि ओल्या फरशीवर उभं राहून टोचायचं. हे तिने मला नाही, तिच्या आजीला सांगितलं.

आता शाळेने हमीपत्र मागितलंय की ‘काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’. अजून सही केलेली नाही.

तुमच्याकडे काय करतात? शाळेला दाखवता येईल असं लेखी काही आहे का? आणि ज्यांच्या मुलांना डायबेटिस नाही त्यांनीही लिहा, त्यांची काळजी नेमकी कशाची आहे हे मला समजून घ्यायचंय.

बोरीबंदर

सही करू नका. त्याऐवजी डॉक्टरांचं पत्र आणि तुमचा अर्ज द्या, आणि आवक क्रमांक टाकून पोच घ्या.

लेखी काय आहे ते सांगतो. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने टाइप वनच्या मुलांची शाळेत काळजी घेण्याबाबत राज्यांना पत्र लिहिलं. त्यावरून उत्तर प्रदेशने त्याच वर्षी जुलैमध्ये आदेश काढला. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मुलाला वर्गात शुगर तपासू द्यायची, इन्सुलिन घेऊ द्यायचं, मधल्या वेळेला खाऊ द्यायचं. परीक्षा चालू असली तरीही. आदेश उत्तर प्रदेशचा आहे, पण त्यामागचं पत्र राष्ट्रीय आयोगाचं आहे. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

सीबीएसईने तर २०१७ पासूनच बोर्डाच्या परीक्षेत या मुलांना साखरेच्या गोळ्या, केळं-सफरचंद-संत्रं, सँडविचसारखं खाणं आणि पाण्याची छोटी बाटली न्यायला परवानगी दिली आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये चालतं ते सहावीच्या वर्गात का चालू नये, हा प्रश्न विचाराच.

पाटी_पेन्सिल

मी शिक्षिका आहे, आठवी-नववीला विज्ञान शिकवते. रानजाई, तुमच्या लेकीचं वाचून फार वाईट वाटलं. बाथरूममध्ये इन्सुलिन, हे कुठल्याही शाळेला शोभत नाही.

शिक्षकांच्या बाजूने एवढंच सांगते की बहुतेकांना भीती वाटते ती माहिती नसल्यामुळे. वर्गात साठ मुलं. बी.एड.ला असताना आम्हाला यातलं कुणी काही शिकवलं नाही. त्यात कित्येक पालक प्रवेशाच्या वेळी सांगतच नाहीत, कारण प्रवेश नाकारतील किंवा पोरांना कळलं तर चिडवतील. आमच्याकडे एका मुलाचं असंच होतं. पीटीच्या तासाला तो एकदम बरळायला लागला, सरांना उलटं बोलला. सगळ्यांना वाटलं माजला. कँटीनवाल्या काकांनी ओळखलं, कारण त्यांच्या घरात शुगरचा पेशंट आहे. चहाची साखर मुठीत घेऊन धावत आले. पाव तासात पोरगा ताळ्यावर. त्या दिवशी काका सुट्टीवर असते तर काय झालं असतं, याचा विचार मला करवत नाही.

पालकांनी सांगितलं पाहिजे, हे खरंच. पण सांगितल्यावर शाळा अशी वागणार असेल तर कोण सांगेल?

दोन_मुलांचा_बाबा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, राग मानू नका. माझा धाकटा दुसरीत आहे, दिसेल त्या वस्तूला हात लावतो. वापरलेली सुई बाकावर राहिली आणि त्याला लागली तर? कुणी मस्तीत दुसऱ्याला टोचलं तर? मला त्या मुलीबद्दल काही वाटत नाही असं नाही, पण ही भीती खरी आहे.

रानजाई

राग कशाला, हेच ऐकायचं होतं. तपशीलात सांगते.

पेनची सुई चार मिलिमीटरची असते. घेऊन झालं की तिला बाहेरचं मोठं टोपण लावायचं, फिरवून काढायची आणि जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डबीत टाकायची. डबी घरी येते. वर्गाच्या कचऱ्याच्या डब्यात काहीही जात नाही. बोटाला टोचायची लान्सेट टोचून झाली की आपोआप आत जाते. तीही त्याच डबीत. हे सगळं लेक चौथीपासून स्वतः करते.

तुमच्या मुलाला सुई लागण्याची शक्यता कुठे जास्त आहे, सांगा. बाईंच्या नजरेसमोर, टेबलाजवळ, स्वच्छ जागी कुणी इन्सुलिन घेतं तिथे, की तुटक्या कडीच्या बाथरूममध्ये घाईघाईत, कुणी आत येईल या धास्तीने घेतं तिथे? तिथे सुई हातातून निसटली तर अंधारात ती शोधणार कोण? लपवायला लावल्यामुळे तुमच्या मुलाचा धोका वाढतोय.

खरी भीती पेनची आहे, हे मीच सांगते. दुसऱ्या मुलाने खेळता खेळता पेनवरचा डोसचा आकडा फिरवून स्वतःला टोचून घेतलं तर त्याची साखर एकदम उतरेल, ते गंभीर आहे. म्हणून पेन बाकावर पडून राहू नये, हे मला मान्यच आहे. पेन वर्गशिक्षिकेच्या ड्रॉवरमध्ये राहू दे, त्याच वर्गात. पण ग्लुकोमीटर आणि साखर तिच्या अंगावर, सतत. त्यांनी कुणाला काही होत नाही.

दोन_मुलांचा_बाबा

हे वेगळं करून सांगितलंत ते बरं झालं. मी सगळं एकच समजत होतो. पेन त्याच वर्गात बाईंकडे आणि साखर मुलीकडे, याला कुठला पालक नाही म्हणेल असं वाटत नाही.

वाईचे_डॉक्टर

बालरोगतज्ज्ञ आहे. शाळांसाठी लिहितो, हवं तर छापून द्या.

शुगर ७० च्या खाली गेली की लो. घाम, थरथर, भूक, चेहरा पांढराफटक, चिडचिड, असंबद्ध बोलणं, अवेळी पेंग. मोठ्या मुलाला लगेच १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज द्या, म्हणजे साधारण तीन चमचे पाण्यात घालून. लहान मुलाला त्याहून कमी पुरते, ती मात्रा त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. मीटर सापडत नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर द्या. आणि लो झालेल्या मुलाला एकटं कुठेही पाठवू नका. ऑफिसात नाही, बाथरूममध्ये नाही, मेडिकल रूममध्येही नाही. साखर मुलाकडे आणायची असते.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि थेट दवाखाना गाठा. ग्लुकागॉनचं (रक्तातली साखर चढवणारं) इंजेक्शन ठेवलेलं असेल आणि द्यायला शिकवलेलं असेल तर द्या. या वेळी इन्सुलिन मात्र कदापि देऊ नका. शाळेत हाच घोटाळा होतो, ‘डायबेटिसचं इंजेक्शन द्या’ म्हणून कुणीतरी पेन काढतं.

हा आजार गोड खाऊन होत नाही, आईने लाड केले म्हणून होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची अशी सुमारे २ लाख २९ हजार मुलं आहेत, जगात सर्वाधिक. शाळेने ‘आमच्याकडे असं कुणी नाही’ असं गृहीत धरू नये.

शिक्षकांना आणखी एक विनंती. एखादं मूल अचानक सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जायचं म्हणतंय आणि बारीक होत चाललंय, तर त्याला रागावून बसवू नका. पालकांना त्याच दिवशी फोन करा. निदान उशिरा झालं तर ही मुलं आमच्याकडे बेशुद्धावस्थेत येतात.

वऱ्हाडी_मास्तर

यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. आमच्याकडे पेन वगैरे नाही. सरकारी दवाखान्यातून बाटली मिळते आणि सिरिंज. पोरगी पाचवीत, वडील मजुरीला जातात.

पहिली अडचण उन्हाची. मार्चपासून शाळा सकाळची होते, तरी घरी पोचेपर्यंत डोकं तापतं. फ्रीज तिच्या घरी नाही, शाळेतही नाही. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात बाटली प्लास्टिकच्या डबीत. वरून ओलं फडकं. फोडलेली बाटली साध्या गारव्यात महिनाभर चालते असं डॉक्टरांनी सांगितलं, पण आमचा ४५ अंशांचा उन्हाळा म्हणजे साधा गारवा नव्हे. हे मडकं मी ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवलंय, खोलीला कुलूप नसतं.

दुसरी अडचण गावाची. एकदा प्रार्थनेच्या वेळी तिची शुगर उतरली आणि अंगाला झटके आले. बायामाणसांनी लगेच अंगात आलं, बाहेरचं आहे, लिंबू उतरवा म्हणून सुरू केलं. पुढे काही दिवस तिच्या शेजारी कुणी पोर बसेना, पोषण आहाराच्या पंगतीत तिचं ताट वेगळं. मी स्वतः तिच्या ताटाला ताट लावून जेवायला बसू लागलो, तेव्हा हळूहळू पोरं सरकून जवळ आली. भाषण केलं असतं तर उपयोग झाला नसता.

नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला ड्रीम ट्रस्ट आहे, गरीब घरच्या अशा मुलांना मदत करतात. मराठवाड्यात संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची उडान संस्था आहे. गरज असलेल्यांनी चौकशी करावी.

आंबेमोहोर

मास्तर, हात जोडून नमस्कार. एक विचारायचं होतं. आमच्या पुतण्याचं पेन मध्येच बिघडलं. पेनमधल्या काचेच्या नळीतून साध्या सिरिंजने काढून दिलं तर चालतं का? मेडिकलवाला चालेल म्हणाला.

वाईचे_डॉक्टर

नाही, आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. आपल्याकडे बाटली बहुधा ४० युनिटची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) मिळते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या नळीत १०० युनिटचं इन्सुलिन असतं, म्हणजे तेवढ्याच थेंबात अडीचपट. लाल टोपणाच्या सिरिंजने त्यातून ‘१०’ च्या खुणेपर्यंत ओढलंत तर २५ युनिट जातील. शाळकरी मुलाच्या जिवावर बेतेल. १०० च्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. पेन बिघडलं तर नवीन पेन आणा, तोवर डॉक्टरांना फोन करून विचारा. शाळेच्या पत्रातही कुठलं इन्सुलिन, बाटली की पेन, ४० की १००, हे स्पष्ट लिहा.

निळी_शाई

मी स्वतः टाइप वन. नववीत असताना निदान झालं, आता नोकरी, संसार, एक मुलगी. आत्तापर्यंत नुसती वाचत होते, रानजाईच्या लेकीसाठी लिहितेय.

आमच्या घरात आधी आजाराची नव्हे, लग्नाची चिंता सुरू झाली. ‘पोरीची जात आहे, बोभाटा नको.’ नातेवाइकांना अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं, शाळेला काहीच नाही. मग दुपारचं इन्सुलिन घेणार कुठे? मी ते घेतच नसे. तीन वाजेपर्यंत तोंडाला कोरड, डोकं जड, फळ्यावरचं काही डोक्यात शिरत नसे. गणितात हुशार होते, दहावीला गणितानेच मार्क घालवले. बारावीनंतर हॉस्टेलवर गेले तेव्हा खोलीतल्या मुलींना पहिल्याच रात्री सांगून टाकलं. त्यातली एक माझ्याआधी ओळखायची, ‘तुझा आवाज बदललाय, साखर खा.’ तेव्हापासून मी कुणापासून लपवलं नाही. लग्नाच्या बोलण्यांतही पहिल्या भेटीत सांगत गेले. तीन स्थळं गेली, त्याचं दुःख केलं नाही.

रानजाई, तुमच्या लेकीला डब्याच्या वेळी, मैत्रिणींच्या घोळक्यात, बाकावर बसून इन्सुलिन घेता आलं पाहिजे. त्यासाठी जितकं भांडावं लागेल तितकं भांडा. आणि क्रिकेट आवडत असेल तर तिला वसीम अक्रमचं सांगा. १९९७ मध्ये टाइप वनचं निदान झालं, त्यानंतरही वर्षानुवर्षं इन्सुलिन घेऊन तो वेगवान गोलंदाजी करत राहिला आणि एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी त्याने २००३ च्या विश्वचषकात घेतला.

लेस्टरची_मावशी

निळी_शाई, डोळे भरून आले गं.

इंग्लंडमध्ये काय आहे ते लिहिते. इथे २०१४ च्या मुले आणि कुटुंबे कायद्यानुसार आजारी मुलांना शाळेत मदतीची व्यवस्था करणं हे शाळेचं कर्तव्य आहे, मेहरबानी नाही. माझ्या भाच्यासाठी शाळेत एक कागद आहे. शुगर किती वाजता तपासायची, किती झाली की काय करायचं, कोण दोघे प्रशिक्षित आहेत, सहलीला कोण सोबत असेल. डायबेटिसची नर्स शाळेत येऊन शिकवून गेली. चिडवणारी मुलं इथेही आहेतच, पण साखरेसाठी त्याला कुणाची किल्ली मागावी लागत नाही. असा एक पानाचा कागद तिकडेही करून देता येईल, त्याला कायदा लागत नाही.

पाटी_पेन्सिल

एक पानाचा कागद ही कल्पना उत्तम. पण तो कार्यालयाच्या फायलीत गेला तर काही उपयोग नाही, तो वर्गशिक्षक, पीटीचे सर, मावशी आणि व्हॅनवाले काका यांच्या हातात हवा. बदली शिक्षक येतात तेव्हा त्यांनाही.

मी आमच्या शाळेत १४ नोव्हेंबरला विज्ञानाच्या तासात हा विषय घेणार आहे. बालदिन आणि जागतिक मधुमेह दिन एकच. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा तो जन्मदिवस. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं तो पेशंट चौदा वर्षांचा मुलगा होता, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांच्याच वयाचा. पोटात स्वादुपिंड कुठे असतं ते मुलं परीक्षेपुरती पाठ करतातच. ते बंद पडलं तर काय होतं, हेही त्यांना कळू दे. कुठल्या मुलाचं नाव घेणार नाही. सांगायचं की नाही ते त्या मुलाने ठरवायचं.

दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावणाऱ्या मुलांबद्दलही विचारायचंय. चौदा दिवसांचा असतो तो. त्याचं रीडिंग मोबाइलवर येतं आणि शाळेत मोबाइलला बंदी. कुणी काही मार्ग काढलाय का?

बोरीबंदर

काही सेन्सरचं स्वतंत्र रीडर मिळतं, ते दिलं की मोबाइलचा वाद उरत नाही. नाहीतर मोबाइल बाईंच्या टेबलावर, आवाज चालू. हेही पत्रात घाला. मोठ्या मुलांच्या पालकांनी प्रवेश परीक्षांचे नियम वेगळे वाचावेत. जेईई मेनला साखरेच्या गोळ्या, फळं आणि पारदर्शक बाटली चालते, पण चॉकलेट, सँडविच असं पाकीटबंद खाणं चालत नाही. सीबीएसईच्या भरवशावर राहून ऐनवेळी दारात वाद नको.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा भेटले. या वेळी वाईच्या डॉक्टरांचा मजकूर छापून नेला, आमच्या डॉक्टरांचं पत्र आणि हा अर्ज:

‘माझ्या मुलीस टाइप वन डायबेटिस आहे. तिच्या दप्तरात ग्लुकोमीटर व ग्लुकोज कायम असेल. इन्सुलिनचे पेन (१०० युनिट) वर्गशिक्षिकांच्या ड्रॉवरमध्ये, कुलूप न लावता ठेवावे. मधल्या सुट्टीत ती वर्गातच इन्सुलिन घेईल. वापरलेल्या सुया डबीतून घरी आणण्याची जबाबदारी आमची. साखर कमी झाल्यास तिला एकटीला कोठेही पाठवू नये. तपासणे, खाणे, पाणी पिणे व लघवीस जाणे यास तासाच्या मध्येही परवानगी असावी. सोबत एक पानी सूचनापत्र जोडले आहे.’

बाईंनी ड्रॉवरचं आणि साखरेचं लगेच मान्य केलं, पोचही दिली. हमीपत्राचा विषय पुन्हा निघाला नाही. वर्गात सगळ्यांसमोर इन्सुलिन घेण्याबद्दल मात्र ‘पालक सभेत ठेवते’ म्हणाल्या. सभेत मी बोलणार आहे. लेकीला विचारलं, तिचीही यायची तयारी आहे.

तोवर बाथरूम बंद. वर्गशिक्षिका सुट्टीत पाच मिनिटं वर्गात थांबतात. परवा दोन मैत्रिणीही थांबल्या.

दोन_मुलांचा_बाबा

पालक सभेत तुमच्या बाजूने एक तरी असा पालक उभा राहू दे ज्याच्या मुलाला डायबेटिस नाही. आमच्या शाळेत हा विषय निघाला तर मी उभा राहीन. आणि त्या वापरलेल्या सुयांचं घरी पुढे काय करता?

रानजाई

डबी भरली की टेपने बंद करून वर मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहिते आणि आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात देते. ओल्या-सुक्या कचऱ्यात कधीच नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, आणि कचरा वेचणाऱ्या ताई हाताने वेगळा करतात. त्यांच्या हाताला लागायला नको.

डॉक्टर, डिसेंबरात सहल आहे. ‘तिला न पाठवलेलं बरं’ असं सर म्हणाले. मला पाठवायची आहे.

वाईचे_डॉक्टर

जरूर पाठवा. सामान दुप्पट द्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत विभागा, एक तिच्या खांद्याला, एक सोबतच्या शिक्षिकेकडे. बसच्या डिकीत काहीही ठेवू नका, तिथे तापतं आणि वेळेला हातात येत नाही. चालणं, खेळणं जास्त होईल, म्हणून त्या दिवसाचा डोस आधी तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जेवण उशिरा आलं तर इन्सुलिनही थांबवायचं, ताट समोर आल्यावरच घ्यायचं. हे सरांना नीट समजावून सांगा, सहलीत गडबड होते ती इथेच. आणि रात्री मुक्काम असेल तर झोपण्यापूर्वी एकदा तपासायला सांगा.